सोफ्यातून आलेली काजळी

त्या दिवशी दुपारी सोफा रडायला लागला तेव्हा त्याचं एक टोक माझ्या हातात होतं.

मी पावाच्या भट्टीवर काम करतो. पहाटे तीनला भट्टीसमोर उभं राहायचं, अकराला घरी यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि बारा ते चार झोपायचं, असा माझा उलटा दिवस. शेजारच्या चुकाभाऊंना हे ठाऊक असल्यामुळे ते सहसा मला हाक मारत नाहीत. पण त्या दिवशी टेम्पोवाला घाईत होता. त्यानं त्यांच्या दुकानासमोर भर फुटपाथवर सोफा उतरवला आणि तो चालता झाला. येणारे-जाणारे सोफ्याला वळसा घालून रस्त्यावर उतरायला लागले. भाऊ माझ्या खिडकीखाली आले आणि त्यांनी नुसते दोन्ही हात हलवले. बोलता येत नव्हतं, कारण तोंडात चुका होत्या.

चुका म्हणजे ते बारीक, चपट्या डोक्याचे खिळे. सोफ्याचं कापड बसवताना एका हातानं कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, आणि तिसरा हात देवानं कुणाला दिलेला नाही. म्हणून जुने कारागीर चुका तोंडात धरतात आणि जिभेनं एकेक पुढे सरकवतात. भाऊ पस्तीस वर्षं हेच करत आलेत, म्हणून ते चुकाभाऊ. वहिनी म्हणायच्या, "लग्नाआधी दुकानात बघायला गेले तेव्हा वाटलं, मुलगा किती शांत आहे. लग्न झाल्यावर कळलं, शांत नाही, तोंड भरलेलं आहे."

तर आम्ही दोघांनी सोफा उचलला, दारातून तिरका करून आत घेतला, आणि खाली टेकवणार तेवढ्यात त्याच्या पोटातून आवाज आला. लहान मूल भुकेनं, हट्टानं आणि वर थोड्या रागानंही रडतं ना, अगदी तसा. माझ्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं.

"भाऊ, आत मूल आहे!"

भाऊंनी चुका तळहातावर काढल्या, सोफा हळूच आडवा केला आणि खाली वाकून बघितलं. सोफ्याच्या तळाला जे काळं कापड ठोकलेलं असतं, ते एका कोपऱ्यात फाटलेलं होतं. त्या भोकातून दोन निळेशार डोळे आमच्याकडे बघत होते. मग एक काळं नाक आलं, दोन काळे कान आले, आणि मागोमाग दुधाळ रंगाचं एक लांबसडक मांजर बाहेर पडलं. घाबरलेलं वगैरे मुळीच नव्हतं. त्यानं दुकानभर नजर फिरवली, कालच कापड बसवून तयार झालेल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर उडी मारली आणि तिथे बसून आम्हाला झापायला सुरुवात केली. मांजर म्याऊ करतं हे मी ऐकून होतो. हे मांजर भांडत होतं.

"काय म्हणतंय हे?" मी विचारलं.

"सोफा वाजवून उचलला म्हणतंय," भाऊ म्हणाले. "खरं आहे. तुझी बाजू आपटली."

भाऊंचा स्वभाव सांगायचा तर हाच. सोफ्यात माणसांच्या वस्तू सापडतात: कंगवे, किल्ल्या, एका कानातलं, कधी चुरगळलेली पत्रं. भाऊ त्यातलं काहीही टाकत नाहीत. कागदाच्या पुडीत बांधतात, वर नाव लिहितात आणि सोफ्याबरोबर परत करतात. एकदा एका आजोबांना त्यांची अकरा वर्षांपूर्वी हरवलेली कवळी मिळाली होती. आता सापडलेलं पुडीत बांधण्यासारखं नव्हतं एवढंच.

सोफा होता दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्या रिक्षानं पाठोपाठ येऊन पोचल्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मांजर खुर्चीवर बसलेलं बघून त्या स्टुलावर मटकन बसल्या.

"मॅडम, अहो मॅडम, काय जीव घेता माझा!" असं त्या मांजराला म्हणाल्या. ती मांजरी होती आणि तिचं नाव मॅडमच होतं. चार वर्षांची, सयामी जातीची.

चहा झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. दवाखाना बंद करून त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. दोन खोल्यांचं घर, आणि नातवाला मांजर जवळ आलं की डोळे सुजतात. मॅडमसाठी घर शोधायला दीड महिना चालला होता. तीन घरांत देऊन झाली होती, तिन्ही घरांनी परत आणून दिली. एकानं तर दुसऱ्याच दिवशी.

"त्रास देते का?" भाऊंनी विचारलं.

"बोलते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी उठल्यापासून बोलते. आणि एकटी राहत नाही. लोकांना मांजर शोभेला हवं असतं, भाऊ. निळे डोळे बघून नेतात, आणि मग म्हणतात, ही तर माणसासारखी मागे मागे येते."

भाऊ खुर्चीकडे बघत होते. मांजरी उठली, त्यांच्या मांडीवर आली, तिथून खांद्यावर चढली आणि त्यांच्या कानात काहीतरी लांबलचक सांगायला लागली.

"दोन आठवडे ठेवून बघू का?" भाऊ म्हणाले. मला वाटतं, वाक्य तोंडातून निघाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. घरी विचारलं नव्हतं ना!

डॉक्टरीणबाई मात्र लगेच हरखल्या नाहीत. तीनदा पोळल्या होत्या. "आधी मी तुमचं घर बघणार," असं म्हणून त्या तशाच त्या वेगवेगळ्या चपलांनी दुकानामागचा जिना चढून वर गेल्या.

दुकान खाली, घर वर, आणि माझी झोपायची खोली बरोब्बर त्यांच्या बैठकीच्या भिंतीला लागून. वर तीन माणसं. भाऊ, शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या वहिनी, आणि भाऊंची थोरली बहीण अक्का. अक्कांनी सव्वीस वर्षं कापड गिरणीत मागावर काम केलं होतं. त्या खडखडाटानं त्यांचे कान नेले. जोरात बोललं तरी अर्धंच पोचायचं, आणि अर्धं ऐकून उलटसुलट उत्तर दिलं की माणसं हसायची, म्हणून त्यांनी हळूहळू बोलणंच सोडून दिलं होतं. कानाच्या यंत्राचा विषय काढला की "नको" म्हणायच्या. सहा वर्षं हा एकच शब्द. भाजी चिरायची, खिडकीत बसायचं, दुपारी खोलीचं दार लावून पडायचं, असा त्यांचा दिवस.

डॉक्टरीणबाईंनी घराची तपासणी जबडा उघडून बघावा तशी केली. खिडक्यांना जाळी आहे का? दिवसा घरात कोण असतं? ऊन कुठे येतं, कारण या जातीला थंडी सोसत नाही. मग त्या अक्कांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्हाला मांजर चालेल का हो?"

अक्कांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं, मांजरीकडे बघितलं. "नको," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी वहिनी शाळेतून आल्या तेव्हा मांजरी त्यांच्या खुर्चीत बसलेली होती. वहिनी चिडल्या नाहीत. त्या चिडत नाहीत, पुस्तक आणतात. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून मांजरांवरचं एक जाडजूड पुस्तक घरी आलं आणि जेवताना त्याचं वाचन सुरू झालं. तेव्हा मी पावाची लादी द्यायला गेलो होतो, म्हणून मलाही ते ऐकावं लागलं.

"'सयामी मांजर फार बोलके असते,'" वहिनींनी वाचलं.

आतून मांजरीनं दुजोरा दिला.

"'त्याला एकटेपणा सहन होत नाही. ते हुशार असून दारे उघडण्यास शिकते. काही मांजरांना लोकर चघळण्याची सवय असते.' अहो, लोकर! आणि आपल्या दुकानात काय आहे? लोकर, काथ्या, दोरे, स्पंज, चुका. म्हणजे तिच्यासाठी मिठाईचं दुकान!"

"मग नको म्हणतेस?" भाऊंनी विचारलं.

"मी काहीच म्हणत नाही. दोन आठवडे म्हणालात ना, दोन आठवडे बघू. पण तुम्ही ठरवलंत आणि मला नंतर सांगितलंत, हे मी लक्षात ठेवलंय."

पुस्तकातलं एकेक वाक्य खरं व्हायला लागलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मॅडमनं दाराच्या दांडीवर उडी मारून दार उघडायचं तंत्र साधलं आणि ती जिन्यावरून दुकानात ये-जा करू लागली. वहिनींच्या हिरव्या स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत संपली. नळ सोडला की ती पाण्याशी बोले, फोन वाजला की फोनशी. भाऊ कापड कापायला बसले की कापडावर बरोबर खडूच्या रेघेवर येऊन बसे.

आणि दुपारी एकला, दुकानात ठोकाठोकी सुरू झाली की भाऊ तिला वर ठेवून येत. वहिनी शाळेत. अक्का आतून कडी घातलेल्या दाराआड. मग बाईसाहेब अक्कांच्या दारासमोर बसून गळा काढत. भिंतीच्या अलीकडे मी उशी कानावर दाबून पडलेलो असायचो. तीन दुपारी मी सोसलं. चौथ्या दुपारी उठलो, तसाच बनियनवर त्यांचा जिना चढलो. मनात वाक्यं तयार होती: भाऊ, शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

घराचं दार उघडंच होतं. आत बघितलं आणि उंबऱ्यावरच थांबलो.

अक्कांच्या खोलीचं दार उघडलेलं होतं. अक्का दारात उभ्या होत्या, केस विस्कटलेले, आणि मांजरीकडे बघत होत्या. मांजरीनं पुन्हा तोंड उघडून एक लांब तान घेतली.

"ऐकू येतंय," अक्का म्हणाल्या. "ऐकू येतंय मला. एवढं ओरडायला काय झालं?"

मांजरी काहीतरी म्हणाली.

"मग सरळ सांगावं की आत यायचंय म्हणून. दार वाजवलं असतंस तर मला कळलं नसतं, ते मात्र खरं." अक्का बाजूला झाल्या. मांजरी शेपटी ताठ करून आत गेली. "तोंड कुठे काळं करून आलीस गं? दिव्याची काजळी पुसल्यासारखी दिसतेस."

त्या क्षणापासून मॅडमची काजळी झाली.

अक्कांना लागोपाठ चार वाक्यं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बंद दाराआडून त्यांना कुणाचाच आवाज पोचत नसे. या मांजरीचा खर्जातला, खरखरीत आवाज पोचला. मी माझी तयार वाक्यं घेऊन पायऱ्या उतरलो. त्या दुपारी भिंतीपलीकडून नुसती कुजबुज आली, आणि मी चारपर्यंत घोरलो.

नवव्या दिवशी मात्र सगळं अंगाशी आलं.

भाऊ दुकानात एका आरामखुर्चीची पाठ शिवत होते. जाड मेणलेला दोरा, हातभर लांब तुकडे जमिनीवर पडलेले. काजळी टेबलाखाली गप्प बसली होती. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी चुकलंय, हे एव्हाना सगळ्यांना कळायला लागलं होतं. भाऊंनी वाकून बघितलं, तर तिच्या तोंडातून बोटभर दोरा लोंबत होता आणि ती घास अडकल्यासारखी मान हलवत होती. भाऊंनी दोरा चिमटीत धरला आणि ओढणार, तेवढ्यात दारातून वहिनी किंचाळल्या. नेमक्या त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती.

"ओढू नका! अहो, ओढू नका! पुस्तकात लिहिलंय!"

भाऊंनी हात मागे घेतला. तिला टॉवेलमध्ये गुंडाळून दोघं प्राण्यांच्या दवाखान्यात पळाली. तिथल्या डॉक्टरांनी तिला गुंगी देऊन तोंड उघडलं. दोऱ्याचा एक वेढा जिभेखाली अडकला होता, बाकीचा घशातून खाली गेलेला.

"ओढला असता तर काय झालं असतं?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही शिवणकाम करता ना? धाव टाका घातलेला दोरा ओढला की कापडाचं काय होतं?"

"चुण्या पडतात," भाऊ म्हणाले. डॉक्टरांना पुढे आतड्यांचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

वेळेवर आणल्यामुळे दोरा सगळा निघाला, फाडाफाडी करावी लागली नाही. पण दोन दिवस लक्ष ठेवायला म्हणून तिला तिथेच ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला झोप येईना. इतकी शांतता होती. पाच वाजता खाली गेलो, तर भाऊ काम बाजूला सारून नुसते बसले होते.

"परत द्यायची," ते म्हणाले. "ती आपल्याला चालेल का, हा विचार करत बसलो मी. आपण तिला चालतो का, हे बघितलंच नाही. या दुकानात मांजर म्हणजे… बघ ना इथे." त्यांनी जमिनीकडे हात केला. दोरे, काथ्या, जुने गंजके खिळे, सुईचं एक मोडकं टोक. पस्तीस वर्षांचा पसारा. "पाय सरावले म्हणून आपल्याला टोचत नाही, एवढंच."

वहिनी चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्यांच्या मागून, जिन्याचा कठडा धरत, अक्का. अक्का दुकानात कधी उतरत नसत.

"काजळी कुठाय?" अक्कांनी विचारलं. "कालपासून बोलत का नाही?"

भाऊंनी हातवारे करून सांगितलं: दवाखाना, बरी आहे, उद्या येईल. मग ओठ सावकाश हलवत ते म्हणाले, "पण मग तिला परत देऊ. इथे धोका आहे."

अक्कांनी ते नीट वाचलं. "धोका कसला? केर आहे," त्या म्हणाल्या. "केर काढता येतो."

वहिनींना एवढं हसू आलं की चहा बशीत सांडला. "अहो, मी अठ्ठावीस वर्षं हेच सांगतेय! तुमच्या चुका मीच गोळा करतेय! तुम्ही माझ्यासाठी कधी झाडू हातात घेतला नाहीत, निदान मांजरासाठी घ्या!"

"तू तर तिच्या विरोधात होतीस ना?" भाऊ गोंधळले.

"मी तुमच्या विरोधात होते. न विचारता आणलीत म्हणून. तिनं माझं काय केलंय? एक बाही खाल्ली. मला तो रंग आवडतही नव्हता."

त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी दुकान साफ केलं. मीही होतो, कारण सोफा आत आणताना मीच उचलला होता, त्यामुळे या भानगडीत माझाही थोडा वाटा होताच. भाऊंनी एका काठीला मोठं लोहचुंबक बांधलं आणि ते जमिनीवरून फिरवलं. टेबलाखालून, कपाटामागून, फटींतून चुका टणाटण उडून चिकटायला लागल्या. चार डबे भरले. दोऱ्यांना झाकणाचे डबे आले, सुयांना बंद पेटी. वहिनींनी आणखी एक अट घातली. तोंडात चुका धरायच्या नाहीत. काजळी कामाच्या मध्येच खांद्यावर उडी मारते, एखादी चूक घशात गेली तर डॉक्टर कुठल्या दवाखान्याचा बोलवायचा?

लोहचुंबकाच्या डोक्याची हातोडी मिळते, तिला चूक आपोआप चिकटते, आणि हे भाऊंना गेली वीस वर्षं माहीत होतं. ती घ्यायची म्हणजे सवय मोडायची, म्हणून घेतली नव्हती. आता घेतली. पहिले दोन दिवस त्यांनी अंगठा दोनदा ठेचून घेतला. तिसऱ्या दिवसापासून एक वेगळाच प्रकार उघडकीला आला. तोंड मोकळं झाल्यावर भाऊ बोलायला लागले! काम करता करता, मांजरीशी, गिऱ्हाइकाशी, रेडिओवरच्या बातम्यांशी. पस्तीस वर्षांचं साचलेलं होतं ते. मला आता दोघांचे आवाज यायचे, भिंतीपलीकडून मांजरीचा आणि खालून भाऊंचा, आणि खरं सांगतो, झोपेत मला कधी कधी फरक कळायचा नाही. मी शेवटी कानात कापसाचे बोळे घालायला लागलो. भट्टीवरच्या पोरांना सांगितलं, शेजारी गवई राहायला आलाय.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. या वेळी चपला एकाच जोडाच्या होत्या. त्यांचं सामान बांधून तयार होतं, आणि चेहरा असा की नकार ऐकायची तयारी करून आल्यात. भाऊंनी त्यांना दोऱ्याची गोष्ट आधी सांगितली. लपवली नाही.

"बाई, माझ्या हलगर्जीपणानं तिचा जीव जायचा होता. आता दुकान असं आहे," ते म्हणाले. "तुम्ही बघा आणि ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी दुकान बघितलं. टेबलाखाली हात फिरवून बघितला. एक चूक सापडली, ती त्यांनी भाऊंच्या हातावर ठेवली. भाऊ लाजले. मग त्या वर गेल्या.

अक्का खिडकीत बसल्या होत्या आणि काजळी त्यांच्या मांडीवर. अक्कांचा एक हात तिच्या पाठीवर पसरलेला होता.

"बसा," अक्का म्हणाल्या. "तुम्हालाच एक विचारायचं होतं. ही मोठ्यानं बोलते ते मला येतं ऐकायला. पण मांडीवर बसली की ही आतल्या आत काहीतरी म्हणते. हाताला लागतं, कानाला येत नाही. काय म्हणते?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग अक्कांच्या अगदी समोर बसून, ओठ स्पष्ट हलवत त्या म्हणाल्या, "घुरघुर करते. खूष असली की मांजरं करतात."

"तुम्हाला ऐकू येतं?"

"हो. इथपर्यंत येतं."

अक्कांनी आपला हात बघितला, मांजरी बघितली. "कसं असतं?"

आम्ही चौघं तिथे होतो, आणि कुणालाच सांगता येईना. घुरघुर कशी असते, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला कसं सांगायचं? वहिनी म्हणाल्या, लांबून पाणी उकळल्यासारखं. मी म्हणालो, भट्टी पेटत असते तशी. भाऊ म्हणाले, शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालू असल्यासारखं. अक्कांना तिन्ही अर्धवट कळली.

"यंत्र लावलं तर येईल?" त्यांनी विचारलं.

वहिनी पाठमोऱ्या झाल्या आणि उगाच खिडकीची जाळी पुसायला लागल्या. सहा वर्षं ज्यासाठी विनवण्या केल्या, रागावलं, रुसलं, ते मांजरीनं मांडीवर बसून करून दाखवलं होतं.

डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा काजळीला घेऊन गेल्या नाहीत. जिन्यात त्या भाऊंना म्हणाल्या, "मी तिच्यासाठी घर शोधत होते. इथे मला उलटंच वाटायला लागलंय, हे घरच तिला शोधत होतं." आणि रिक्षात बसल्या. रडल्या की नाही ते सांगता येत नाही, कारण तोंड दुसरीकडे केलं होतं.

कानाचं यंत्र पुढच्या महिन्यात आलं. अक्कांनी ते लावलं, काजळीला मांडीवर घेतलं, आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. काजळीला त्या दिवशी घुरघुर करायची इच्छाच नव्हती. दोन तास तिनं सगळ्यांना ताटकळत ठेवलं. शेवटी ऊन खिडकीतून आत आलं, तिनं कूस बदलली आणि सुरू केलं. अक्कांनी डोळे मिटले.

"शिवणयंत्र," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "भाऊ बरोबर होता."

मग त्यांनी डोळे उघडले आणि भाऊंकडे बघून म्हणाल्या, "पण तू एवढा बडबड्या आहेस हे मला कुणी सांगितलं नाही. खालून सतत तुझाच आवाज येतोय." यंत्राची खरी मजा पुढे झाली. अक्कांनी केलेल्या भाजीबद्दल भाऊ गेली कित्येक वर्षं जेवताना जे पुटपुटत होते, ते आता त्यांना शब्दशः पोचायला लागलं. दोन दिवस भाऊंना भाजी मिळाली नाही.

सगळंच साखरेत घोळलेलं झालं असं नाही. काजळी अजूनही लोकर खाते. घरातले स्वेटर आता कुलपात राहतात. थंडीत ती हीटरसमोरून हलत नाही, आणि तिच्या आधी तिथे कुणी बसलं तर तासभर ऐकून घ्यावं लागतं. घरातली तिन्ही माणसं एकाच वेळी गावाला जाऊ शकत नाहीत. गेल्या वर्षी लग्नाला गेली, तेव्हा तिच्या सोबतीला मी त्यांच्या घरी जाऊन झोपलो. म्हणजे आडवा झालो. झोपू तिनं दिलं नाही.

वर्षभरानं डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. आम्हाला वाटलं, मांजर ते, विसरलं असेल. काजळी खिडकीत होती. तिनं जिन्यावरची पावलं ऐकली, उडी मारून दारात आली, आणि डॉक्टरीणबाईंना बघून तिनं जे तोंड सोडलं ते सोडलं. इतके दिवस कुठे होतीस, सांगून का गेली नाहीस, आणि आता तोंड वर करून कशी आलीस! डॉक्टरीणबाई दारातच उभ्या राहून "हो बाई, चुकलंच माझं, चुकलंच," म्हणत राहिल्या. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. दहा मिनिटं झाली तरी ती थांबेना.

शेवटी अक्का उठल्या. "पुरे आता," त्या काजळीला म्हणाल्या. "दमून आलीय ती. आधी चहा घेऊ दे, मग भांड."